आमची वाटचाल: मिलिअँपिअरच्या मागे

भोसरीत गाळा घेतला तेव्हा आम्ही एलईडी दिव्यांच्या सर्किट बोर्डांचं जॉबवर्क करायचो. भाव पडत गेले, उधारी वाढत गेली. ते रडगाणं नको.

ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात फाइव्ह-जी सुरू झालं. त्यानंतर काही महिन्यांनी एक प्राध्यापक ड्रॉइंग घेऊन आले. १६ बाय १६, म्हणजे २५६ चौकोनी पॅच (धातूचे तुकडे), प्रत्येकावर एक पिन डायोड, म्हणजे रेडिओ लहरींसाठीचा छोटा स्विच. नाव भारदस्त: रिकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस. भिंतीआड रेंज पोचत नसेल तर हा पॅनल टॉवरकडून आलेली लहर हव्या त्या दिशेला वळवून परतवतो. डायोड चालू की बंद, त्यावर त्या पॅचवरून परतणाऱ्या लहरीची फेज १८० अंशांनी पालटते, म्हणजे लहरीच्या चढाच्या जागी उतार येतो. ३.५ गिगाहर्ट्झला पॅचमधलं अंतर अर्धी तरंगलांबी, साधारण ४३ मिलिमीटर. म्हणून पॅनल झाला सव्वादोन फुटी.

"याला वीज जवळपास लागतच नाही," सर म्हणाले होते. अँप्लिफायर नाही, हे खरं. पण पहिला पॅनल लावून सगळे डायोड चालू केले, तर ५ व्होल्टला मीटर अडीच अँपिअरच्या जवळ, म्हणजे साडेबारा वॅट! घरातला साधा एलईडी बल्ब याहून कमी खातो. शिवाय डायोड चालू-बंद करणाऱ्या शिफ्ट रजिस्टरच्या चिपांना बोट लावलं तर चटका. चूक माझीच. प्रत्येक डायोडला १० मिलिअँपिअर धरले, चिपेला आठ डायोड, म्हणजे ८०. आणि डेटाशीट सांगते, पूर्ण चिपेला कमाल ७०. एलईडी दिव्यांना एवढा करंट द्यायची सवय, दुसरं काय.

मग हिशेब मांडला. पिन डायोडवर एक व्होल्टही पडत नाही, बाकीचे चारेक व्होल्ट नुसता रेझिस्टर तापवत होते. पुरवठा ३.३ व्होल्टवर आणला, करंट ३ मिलिअँपिअरवर. डायोडचा रोध थोडा वाढला, चाचणीच्या चेंबरमध्ये सिग्नल किंचित उतरला, सरांनी ते चालवून घेतलं. साडेबारा वॅटचे अडीच झाले. कंट्रोलला एफपीजीए, म्हणजे हव्या त्या सर्किटसारखी वागवता येणारी मोठी चिप होती, तीही काढली. कोणता डायोड चालू, कोणता बंद हा पॅटर्न शिफ्ट रजिस्टर धरून ठेवतं, मग दिशा बदलेपर्यंत साधा मायक्रोकंट्रोलर झोपला तरी चालतं.

खरी गंमत आमच्या डिप्लोमावाल्या पोराने केली. "दादा, चालू डायोड बंद आणि बंद डायोड चालू केले, तरी बीम, म्हणजे परतवलेला झोत, तिकडेच जातो ना?" बरोबरच होतं! सगळ्यांची फेज एकदम १८० अंश फिरली तर दिशा बदलत नाही. तेव्हापासून पॅटर्नमध्ये निम्म्याहून जास्त डायोड चालू असले की आम्ही त्याचा उलटा पॅटर्न पाठवतो. डायोडांचा खर्च कधीच सव्वा वॅटच्या वर जात नाही, आणि यासाठी एक पैशाचा माल लागला नाही.

व्हॅरॅक्टर डायोडही लावून पाहिले; ते नुसते चालू-बंद नसतात, व्होल्टेज बदलेल तशी फेज थोडी थोडी बदलतात. ते स्वतः करंट जवळपास घेत नाहीत, पण प्रत्येकाला वेगळा, कमीजास्त होणारा व्होल्टेज पुरवायचा, आणि तो देणाऱ्या ड्रायव्हर चिपाच वीज खातात. तो बोर्ड सध्या कपाटात आहे.

पिन डायोडचा पॅनल गाळ्यात शटरशेजारी टांगलाय. सकाळी मोबाइलच्या पॉवर बँकेला जोडतो, संध्याकाळी शटर ओढताना काढतो.