चांदोरीची नदीतली देवळं: ऊन बघून निघू नका, आवर्तन विचारून निघा

"एप्रिल-मेमध्ये कधीही जा, गोदावरी आटलेलीच असते." रीलवाल्यांचं हे वाक्य ऐकून चांदोरीला गोदावरीच्या पात्रातली देवळं बघायला जाणार असाल तर थांबा. मागच्या खेपेला ऐन मे महिन्यात घाटावर उभं राहून मी दुथडी भरलेली नदी बघितली आहे. देवळं कुठे? पाण्यात. वर नुसत्या पाणवेली.

कारण सरळ आहे, पण रीलमध्ये कुणी सांगत नाही. चांदोरी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, गोदावरीच्या डाव्या तीरावर. समोरच्या तीरावर सायखेडा. थोडं वर दारणा सांगवीला दारणा येऊन गोदावरीला मिळते आणि खाली नांदूरमध्यमेश्वरला कादवा मिळते. त्या कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. तिथून निघणारे डावा आणि उजवा कालवे पार कोपरगाव-राहात्याकडे जातात. म्हणजे उन्हाळ्यात तिकडच्या शेतीचं आवर्तन, म्हणजे पाळीपाळीने कालव्याला सोडायचं पाणी, सुटलं की वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी चांदोरीच्या दारातूनच खाली जाणार. इथली पातळी उन्हावर ठरत नाही, कालव्याच्या वेळापत्रकावर ठरते. घाटावर बसलेल्या एका बाबांनी हे एका दमात सांगितलं: "पाटाला पाणी सुटलं का देव बुडाले. बंद झालं का मंग या." त्यामुळे निघण्याआधी पेपरात आवर्तनाची बातमी बघा, नाहीतर निफाडकडच्या कुणा ओळखीच्या शेतकऱ्याला फोन करा. त्याला तारीख तोंडपाठ असते.

या वेळी आवर्तन बंद होतं, पाणी उतरलेलं होतं. तरी घाटापासून देवळांपर्यंतचा पट्टा हा या सहलीचा खरा विषय आहे. लांबून गाळ वाळलेला दिसतो, वर भेगा पडलेल्या असतात. पाय ठेवला की वरचा पापुद्रा तुटतो आणि गुडघ्यापर्यंत आत. मी बूट सोडवत असताना मागून दोन पोरं अनवाणी, शेळ्या हाकत, खडकाच्या कडेकडेने आरामात पुढे गेली. तोच रस्ता. घाट उतरल्यावर सरळ देवळाच्या दिशेने निघू नका. वळसा पडला तरी काळा खडक सोडायचा नाही. काठी हवी. सँडल नको, पट्टा गाळात राहतो. वाळलेल्या पाणवेलींच्या गादीवर तर अजिबात पाय देऊ नका, खाली डबकं असतं. आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर घाटावरूनच दाखवा.

देवळांपाशी पोचल्यावर मात्र शिव्या थांबतात. हेमाडपंती बांधणी, काळ्या पाषाणाचे चिरे एकावर एक बसवलेले, सांध्यात चुना नाही. बहुतेक शिवाची देवळं. मी एका खांबापाशी बराच वेळ बसलो. कोरीव पट्टीच्या खाचांत बारीक शिंपले घट्ट चिकटले होते आणि पिंडीच्या शाळुंकेत ओला गाळ साचला होता. कुणीतरी त्या गाळावरच जास्वंदीचं ताजं फूल वाहिलं होतं. चुना नाही म्हणून धुपायलाही काही नाही. पूर येतात, जातात, चिरे जागेवर. कृपा करून शिखरावर चढून फोटो काढू नका. मी गेलो तेव्हा चौघे चढलेलेच होते.

गावाचा इतिहास गावाच्या आकारापेक्षा बराच मोठा आहे. चांदोरी हिंगण्यांची. बाळाजी विश्वनाथ 1719 मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, त्या स्वारीत महादेवभट हिंगणे होते. पुढे हे घराणं दिल्ली दरबारी पेशव्यांचं वकील म्हणून राहिलं. मोगल दरबारातल्या खबरा त्यांच्या पत्रांतून पुण्याला जायच्या. त्यांचा वाडा गावात आहे. बाहेरून बघा, आत जायचं तर आधी विचारा. आणि हे चांदवड नव्हे. जुन्या कागदांतला 'चांदोर' म्हणजे होळकरांच्या टांकसाळीचं चांदवड, ते वेगळं आणि इथून बरंच उत्तरेला आहे. आमच्या गाडीवाल्याने दोन्हींची खिचडी करून वाटभर ऐकवली.

गाडीवाल्याचंही सांगतोच. नाशिकहून अंतर पंचवीसेक किलोमीटर, संभाजीनगर रस्त्याने माडसांगवी, लाखलगाव, चितेगाव फाटा आणि मग चांदोरी. यासाठी 2,400 रुपये ठरवले. तिथे पोचल्यावर 'सायखेड्याचा पूल ओलांडायचे 300 वेगळे'. पूल समोर दिसतोय! चालत गेलो. निफाडकडे जाणारी एसटी चांदोरीला थांबते, तिकीट या रकमेच्या आसपासही जात नाही. गाडी करू नका.

सायखेड्याचा हा पूल नीट बघा. पुरात वरून वाहून आलेल्या पाणवेली याच्या खांबांना अडतात, पाण्याला फुगवटा येतो आणि दोन्ही गावांत पाणी शिरतं. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 या दोन्ही पुरांनी दोन्ही गावं बुडवली. खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात गाळ भरलेला, वरून गंगापूर आणि दारणा दोन्हींचा विसर्ग, मधल्या गावांनी जायचं कुठे? नाशिककर पुराचं माप तिथल्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर घेतात. तिथे मारुतीच्या छातीला पाणी लागलं की चांदोरीकर सामान वर चढवायला लागतात. नाशिकच्या पेपरात फोटो मारुतीचा येतो, चूल इथली विझते.

दुसऱ्या दिवशी नांदूरमध्यमेश्वरला गेलो. चापडगावचा मनोरा, पक्षी, सगळं छान. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, हिवाळ्यात जा. फक्त निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका, राज्यातले नीचांकी आकडे याच तालुक्यातून येतात.

देवळांसाठी पहाटे निघा, दहानंतर खडक तापतो आणि पात्रात सावली नाही. पाणी सोबत न्या. जुलै ते सप्टेंबर जाऊच नका. गंगापूरमधून विसर्ग वाढला की सायखेड्याचा पूल बंद होतो आणि सायखेड्याच्या बाजूला अडकलात तर नाशिकरोडकडून वळसा. त्याचे गाडीवाला किती मागेल, हिशेब तुम्हीच करा.