व्हिफ: झुळूक, वास आणि संशय

इंग्लंडला आल्यावर जे शब्द रोज कानावर पडू लागले, त्यांत मला सगळ्यांत आवडला तो ‘व्हिफ’. शाळेच्या पुस्तकात तो कधी भेटला नव्हता. व्हिफ म्हणजे वास, पण नाकात ठाण मांडून बसणारा नव्हे. वाऱ्यासरशी आला, जाणवला, गेला. मुळात हा शब्दच झुळकीचा. बेकरीवरून जाताना ताज्या पावाचा येतो तो व्हिफ, शेजारून गेलेल्याच्या सिगारेटचा येतो तोही व्हिफच.

‘व्हिफी’ म्हटलं की मात्र वास नकोसाच. ऑफिसातला फ्रिज उघडून कुणी ‘अ बिट व्हिफी’ पुटपुटलं, की मागच्या कप्प्यातलं चीज टाकायची वेळ झाली असं समजावं.

एका व्हिफकडे मात्र अजिबात काणाडोळा करू नये. घरी पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळतात, आणि स्फोट होण्याइतका वायू साचायच्या बऱ्याच आधी ते नाकाला कळतं. म्हणून इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: पुसटसा वास आला तरी खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर पडून ०८०० १११ ९९९ वर फोन करा.

शब्दाचा सगळ्यांत भयंकर वापर इतिहासात सापडतो. ५ ऑक्टोबर १७९५ रोजी पॅरिसमध्ये सरकारविरुद्ध उठलेल्या जमावावर नेपोलियनने भर रस्त्यात तोफांतून छर्रे डागले. इतिहासकार थॉमस कार्लाइलने १८३७ साली फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या आपल्या ग्रंथात त्याला ‘व्हिफ ऑफ ग्रेपशॉट’, म्हणजे छर्र्यांची झुळूक, म्हटलं. माणसं मेली, आणि शब्द झुळकीचा! मला तो वाचवत नाही.

वर्तमानपत्रांत रोज दिसतो तो ‘व्हिफ ऑफ स्कँडल’. पुरावा हाती नसतो, पण पाणी मुरतंय असा दाट संशय असतो. आपल्याला अशा वेळी कुणकुण लागते, म्हणजे इंग्रजांच्या नाकाला कळतं ते आपल्या कानाला. पण एखाद्या गोष्टीचा मागमूसही नाही म्हणायचं असेल तर ते ‘नॉट अ व्हिफ’ म्हणतात, आणि तिथे आपणही नाकाशीच येतो: ‘त्याला व्यवहाराचा गंधही नाही.’