लॅपटॉप बदलू की इंटरफेस?

फोंडा, माशेल, साखळी, पेडणे. गोव्यात भजनी मंडळांचं ध्वनिमुद्रण करायला कुठेही गेलो तरी एक प्रश्न ठरलेला असतो. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारा डबा, लॅपटॉपला जोडलाय, पण दिसत नाही. किंवा दिसतो, पण आवाज तुटतो, तडतडतो. मग विचारतात, "दोघांतलं खराब कुठलं? लॅपटॉप बदलू की इंटरफेस?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं पहिलं उत्तर: अजून काहीच बदलू नका. बहुतेक वेळा दोन्ही वस्तू धडधाकट असतात आणि बिघाड त्यांच्या मधे असतो. केबलमध्ये, पोर्टमध्ये, विजेत, ड्रायव्हरमध्ये (संगणकाला ती वस्तू वापरता यावी म्हणून घालायचं छोटं सॉफ्टवेअर) किंवा सॅम्पल रेटमध्ये (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा). मंडळाने वर्गणी काढून घेतलेला चांगला इंटरफेस 'चालत नाही' म्हणून निम्म्या किमतीत विकला जातो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्या पैशांत दोन चांगले माइक आले असते.

सुरुवात एकाच गोष्टीपासून करा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बंद ठेवा आणि संगणकाला इंटरफेस दिसतो का ते बघा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा, मॅकवर सिस्टम इन्फॉर्मेशनमधला यूएसबीचा भाग. तिथेच नाव नसेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रात्र घालवण्यात अर्थ नाही. केबल, पोर्ट आणि वीज तपासा. तिथे नाव आहे पण सॉफ्टवेअरमध्ये नाही, तर ड्रायव्हरकडे वळा. एवढी एक फाळणी केली की निम्मं काम झालं.

केबलबद्दल थोडक्यात. घरातल्या बऱ्याच केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. दिवा लागतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. इंटरफेसबरोबर आलेली केबल जपून ठेवा आणि तिच्यावर मोबाइल चार्ज करू नका. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आणि खारा वारा असतो, त्यामुळे पिनांवर हिरवट थर चढतो. मृगाच्या आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ठेवला आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

वीज हा सगळ्यांत जास्त फसवणारा भाग. चवथीच्या आधी एका मंडळाला घुमटआरती मुद्रित करायची होती. घुमट, शामेळ, कासाळं ही वाद्यं घेऊन सगळे तयार बसलेले. कंडेन्सर माइकसाठी, म्हणजे ज्याला चालायला इंटरफेसकडून वीज लागते त्यासाठी, ४८ व्होल्टचं बटण दाबलं की इंटरफेसवरचा हिरवा दिवा विझायचा, लॅपटॉपमधून डिव्हाइस निघाल्याचा आवाज यायचा, आणि दोन सेकंदांनी दिवा पुन्हा लागायचा. मुलांनी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घालून बघितला होता. लॅपटॉपच्या मागे पाहिलं तर चार तोंडांचा हब, आणि त्यावर माउस, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क आणि शेवटी इंटरफेस. एका नळावर चार बिऱ्हाडं, तसं. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. स्वतंत्र अडॅप्टर नसलेल्या हबवर ते सगळ्यांत वाटले जातात. त्यातूनच इंटरफेसला माइकचे ४८ व्होल्ट तयार करायचे असतात. हार्ड डिस्क फिरत असताना ते जमेना. हब काढला, इंटरफेस थेट लॅपटॉपला लावला, बटण दाबलं. दिवा स्थिर राहिला आणि आरती सुरू झाली.

इथेच एक गैरसमज दूर करतो. यूएसबी ३ मुळे आवाज चांगला होत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झच्या एका चॅनेलला सेकंदाला साधारण ११.५ लाख बिट लागतात. आठ चॅनेल धरले तरी एक कोटीच्या आत. यूएसबी २ ची क्षमता ४८ कोटींची आहे. त्यामुळे जुना इंटरफेस यूएसबी २ चा आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. उलट नव्या लॅपटॉपवर गोल कडांचं यूएसबी-सी तोंड दिसलं की लोक त्यात थंडरबोल्टचा (यूएसबीहून वेगळ्या जोडणीचा) इंटरफेस लावून बघतात. तोंड सारखं असलं तरी आत थंडरबोल्ट असेलच असं नाही. पोर्टशेजारी विजेची खूण आहे का बघा, आणि लॅपटॉपच्या माहितीपत्रकात खात्री करून घ्या.

आता ड्रायव्हर. 'क्लास कम्प्लायंट' असं लिहिलेला इंटरफेस मॅकवर, लिनक्सवर, बऱ्याच फोनवरही ड्रायव्हरशिवाय चालतो. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ २ चा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ मध्ये आला. तरीही विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हरच घाला. एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीने काढलेली पद्धत, तिच्यामुळे आवाज विंडोजच्या मिक्सरमधून न जाता थेट सॉफ्टवेअरपर्यंत पोचतो. एएसआयओ-फॉर-ऑल बऱ्याच जणांना तारक वाटतो; पण तो विंडोजच्या आहे त्याच ड्रायव्हरवर बसतो. मूळ ड्रायव्हरच नसेल तर तो काही करू शकत नाही. नवा लॅपटॉप घेताना प्रोसेसर एआरएम जातीचा असेल, तर इंटरफेसचा ड्रायव्हर त्या जातीसाठी निघाला आहे का हे दुकानात पैसे देण्याआधी विचारा. साधी सॉफ्टवेअरं तिथे अनुवाद होऊन चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर घालायचा तर मशीन रिकव्हरीत चालू करून सुरक्षेची पातळी कमी करावी लागते. शक्य असेल तर ड्रायव्हर न लागणारा इंटरफेसच घ्यावा, असं मी मंडळांना सांगतो.

सगळं दिसतंय, इंटरफेसवरचे दिवे गाण्याबरोबर नाचतायत, आणि फाइलमध्ये मात्र शांतता? मायक्रोफोनची परवानगी तपासा. मॅकवर २०१८ पासून प्रत्येक सॉफ्टवेअरला ती द्यावी लागते, विंडोजमध्येही प्रायव्हसीत तसं बटण आहे.

सॅम्पल रेटचा घोळ तर गायकाच्या कानालाच आधी कळतो. इंटरफेस ४८ किलोहर्ट्‌झवर चालत असेल आणि सॉफ्टवेअर त्याला ४४.१ चा समजत असेल, तर मुद्रण जवळजवळ दीड अर्धस्वर उतरलेलं ऐकू येतं, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून दीड पट्ट्या. काळी दोनमध्ये गायलेला अभंग काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी पडतो. पेटीवर ती पट्टी सापडतच नाही. पेटीवाले म्हणतात, "बुवा उतरले." बुवा अजिबात उतरलेले नसतात. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. भजनाचा व्हिडिओ करणार असाल तर ४८.

तडतडण्याचं कारण बहुधा बफर, म्हणजे संगणक एका वेळी किती नमुने हाताळतो तो साठा. ४८ किलोहर्ट्‌झवर २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात संगणकाने पुढचा घास तयार ठेवला नाही की आवाज फाटतो. बफर १०२४ केला की तडतड थांबते, पण २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो, तोही फक्त एका बाजूचा, आणि पखवाजवाल्याला आपलीच थाप मागून ऐकू येते. त्यावर उपाय सोपा आहे: इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, म्हणजे हेडफोनमधला आवाज संगणकात जाऊन येतच नाही, मग बफर खुशाल मोठा ठेवा. तरीही थांबलं नाही तर वाय-फाय बंद करून बघा, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि लेटन्सीमॉन हे मोफत साधन थोडा वेळ चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर अडवतोय ते नावानिशी दिसतं.

आणि घूं असा सतत आवाज येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर दोष बहुधा अर्थिंगचा आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, आणि आपल्या जांभ्या दगडाच्या भागात हे लवकर होतं. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, तोवर बॅटरीवर मुद्रण करा. प्लगची तिसरी पिन मोडून घूं थांबवणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. ओल्या सभामंडपात हातात धातूचा माइक धरून कुणीतरी गाणार असतं.

खरोखर बदलायची वेळ येते ती फायरवायरच्या, म्हणजे यूएसबीहून वेगळ्या, जुन्या जोडणीच्या इंटरफेसवर. आखातातून कुणी काकाने पाठवलेले असे कितीतरी बॉक्स इथे कपाटांत आहेत, आणि त्यांचे प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग, आजही उत्तम आहेत. पण बाजारात मिळणारी यूएसबी-ते-फायरवायर केबल त्यांना चालत नाही, आणि २०२५ च्या मॅकओएस २६ पासून ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला. अशा वेळीही मी तो विकायला सांगत नाही. त्याच्या काळचा जुना मॅक घरात असेल तर इंटरनेट तोडा, अपडेट थांबवा आणि दोघांना एकत्र फक्त मुद्रणासाठी ठेवा. तयार फाइल पेन ड्राइव्हने नव्या लॅपटॉपवर न्या.

यातलं सगळं करून झालं तरी अडलं, तर मला फोन करा. करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: लॅपटॉपचं मॉडेल, विंडोज किंवा मॅकओएसची आवृत्ती, इंटरफेसचं पूर्ण नाव, आणि तो नेमका कुठल्या पोर्टला, कुठल्या केबलने लावलाय त्याचा फोटो. आणि शक्यतो कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी करा.