हातमोज्यावरचं सीताफळ

जेवणं उरकल्यावर भाचीची आलेखवही टेबलावर उघडी पडलेली दिसली आणि मी पेन्सिल उचलली. तिला त्या पानावर समीकरणाच्या रेषा काढायच्या होत्या. मी सीताफळ काढलं. एक चौकट भरायची, एक सोडायची, पुढच्या ओळीत एक घर सरकायचं. सीताफळाच्या अंगावर शंकरपाळे आधीच पाडलेले असतात, त्यामुळे चित्रकलेत काठावर पास झालेल्यांनाही ते जमतं.

"हे काय गं, मावशी?"

"हातमोजा."

"परभणीत?"

तर काय झालं! मे महिन्यात इथे डांबर पातळ होतं हे कबूल. पण डिसेंबरात 'परभणी गारठली' असा मथळा आला नाही, असं वर्ष आठवतंय का कुणाला? कृषी विद्यापीठातला पारा घसरला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून आमची विचारपूस करतात. तेवढ्या पंधरा दिवसांसाठी का होईना, आम्हालाही हात आहेत.

शिवाय मला हवेत ते चार बोटं एकाच घरात आणि अंगठा तेवढा स्वतंत्र, असे. त्यावर दोन रंगांची नक्षी. नॉर्वेत सेल्बू नावाचं गाव आहे. तिथली मारित एमस्टाड ही मुलगी 1857 साली काळ्या-पांढऱ्या नक्षीचे हातमोजे घालून चर्चमध्ये गेली आणि गावातल्या बायका देवाऐवजी तिच्या हातांकडे बघत बसल्या असणार. त्या नक्षीतलं आठ पाकळ्यांचं फूल आता गावाच्या मानचिन्हावर आहे. लाटवियात तर नवरीच्या पेटीत हातमोज्यांचे ढीगच असत. सासू, दीर, नणंदा, सगळ्यांना वाटायचे. म्हणजे आपलं रुखवतच, फक्त शिंपल्यांच्या बदकाऐवजी उपयोगाची वस्तू. 2006 मध्ये त्यांच्या राजधानीत, रिगा शहरात, 'नाटो' या लष्करी गटाची परिषद भरली, तेव्हा पाहुण्यांसाठी हाताने विणलेले साडेचार हजार जोड केले होते. रणगाड्यांच्या गप्पा मारायला आलेल्या माणसांना लोकरीचे हातमोजे! मला तो देश तेव्हापासून आवडतो.

पण त्यांची फुलं, त्यांचे हिमकण मी कशाला विणू? ज्यानं गारा सोडून दुसरा बर्फ पाहिलेला नाही, त्यानं हिमकण काढू नयेत असं माझं मत आहे. म्हणून पाठीवर बालाघाटचं सीताफळ, मनगटाजवळ ज्वारीच्या कणसांची रांग आणि अंगठ्यावर पैठणीतली मुनिया. एवढ्याशा अंगठ्यावर मुनिया बसेल का, हा प्रश्न आहे. चोच बसते, शेपटी पलीकडे जाते.

वहीचे चौकोन आणि सुईवरचे टाके यांचं मात्र जमत नाही. सुलट टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. कागदावर गोल दिसणारं फळ विणल्यावर कुणीतरी वर बसून उठल्यासारखं चपटं होतं. दहा सेंटीमीटरच्या तुकड्यात आडवे अठ्ठावीस टाके येत असतील, तर उभ्या ओळी तेहतिसाच्या आसपास भरतात. म्हणून कागदावर फळ मुद्दाम उंच, दुधी भोपळ्याकडे झुकणारं काढायचं. आणि बांगड्या? परदेशी नमुन्यांत बांगड्यांचा विचारच नाही. मनगटाची पट्टी घट्ट हवी म्हणतात. घट्ट पट्टी चार काचेच्या बांगड्यांवर चढवून बघा म्हणावं. मी पट्टी रुंद धरली आहे, बांगड्या आत झाकून जातील अशी. भांडी घासताना काढायचेच आहेत, तेव्हा वाजतील.

खरी मेख मागे असते. एका ओळीत दोनच रंग, पण एक रंग विणताना दुसरा मागून मोकळा चालत येतो. तो ओढला की नक्षी आक्रसते, सैल सोडला की आत फास होतात आणि बोटं अडकतात. पाच टाक्यांहून लांब गेला तर मधेच एकदा अडकवून घ्यायचा. आपल्या संभाजीनगरच्या हिमरूचंही असंच आहे. पुढून वेलबुट्टी, मागून सुटे धागे. पैठणीत तसं नाही, तिथे प्रत्येक रंग आपल्या जागेपुरता जातो, शेजारच्यात गुंततो आणि परत फिरतो. दोन्हीकडून मोर तोच. पैठणी थोर आहेच, पण थंडीत मला हिमरूची जात बरी वाटते. त्या मागच्या धाग्यांमुळेच हातमोजा दुप्पट जाड होतो आणि ऊब राहते.

हे सगळं ज्यांच्यामुळे डोक्यात शिरलं, त्या आमच्या आत्या. लहानपणी त्यांच्या घरी नवी लोकर क्वचितच यायची. मोठ्याचा स्वेटर आखूड झाला की तो उसवून धाकट्याची कानटोपी व्हायची. उसवायला मी उतावीळ असायचे. एक टोक सापडलं की सरसर सरसर अख्खी बाही संपायची. ती लोकर वेडीवाकडी, आक्रसलेली. आत्या पातेल्यात पाणी उकळून वाफेवर धरायच्या, लडी करायच्या आणि मग म्हणायच्या, "हात पुढं कर." दोन्ही हात ताठ, वीतभर अंतर ठेवून. लडी त्यावर आणि समोर आत्या गुंडा गुंडाळायला. नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटायची. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर दुपारचा कार्यक्रम चालू असायचा आणि त्यात कुणीतरी तुरीवरच्या अळीबद्दल सावकाश बोलत असायचं. हात जरा खाली आले की आत्या लोकरीलाच हलका हिसका द्यायच्या. बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, मोठी माणसं विणतात आणि लहान माणसं खुंटी असतात. त्या वेळी ओल्या वाफेचा आणि जुन्या स्वेटरचा जो वास यायचा, तो हल्लीच्या अॅक्रिलिकला येत नाही. हल्लीचीला प्लास्टिकच्या पिशवीचा येतो. पण रंग मिळतात. सीताफळासाठी हवा तसा पोपटी मिळाला आणि बियांसाठी काळा.

जोड आत्यांसाठीच आहे. परवा एक तयार हातमोजा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पुढची बाजू पाहिलीच नाही. कुणाचंही भरतकाम, विणकाम हातात आलं की त्या आधी उलटं करतात. केलं. चष्मा वर सरकवून मागच्या धाग्यांवरून बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबल्या, पुढे गेल्या. मी श्वास रोखून.

"बरं केलंस," म्हणाल्या. मग सावकाश घालून पाहिला. त्यांची बोटं आता सरळ होत नाहीत, वाकलेलं बोट बरोब्बर एका धाग्यात शिरलं. "पण अडकायलंय गं. आतून फ्लानेलचं अस्तर लाव."

अस्तर लावलं की आतलं काहीच दिसणार नाही. आणि नक्षी तर त्यांनी अजून बघितलेलीच नाही. बाजारात फ्लानेल पांढरा मिळतो आणि फिकट गुलाबी. गुलाबी आणते.