उलटी झाकणे

‘तुम्हाला स्वतःला डिस्लेक्सिया आहे, मग पाच माणसांचा किराणा आणि रोजचा स्वयंपाक तुम्ही कसा सांभाळता?’ हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धीत काही कमी नसताना वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण. विचारणाऱ्यांत बहुतेक आया असतात. मुलाची तपासणी नुकतीच झालेली असते, हातात अहवाल असतो आणि हे मूल पुढे स्वतःचे घर कसे चालवील, ही धास्ती मनात असते. उभ्या उभ्या याचे उत्तर पुरे होत नाही, म्हणून तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे. लिहिते म्हणजे मी बोलते, फोन ते अक्षरांत उतरवतो आणि मुलगी नंतर शुद्धलेखन पाहते.

मला स्वतःविषयी कळले ते चाळिशी उलटल्यावर, मुलाच्या तपासणीच्या वेळी. डिस्लेक्सिया हा शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ साली योजला होता, पण ऐंशीच्या दशकातल्या आमच्या शाळेपर्यंत तो पोहोचला नव्हता. तिथे मी केवळ ‘लक्ष नसलेली मुलगी’ होते. आता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) स्थान आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत मुलांना जादा वेळ व लेखनिक मिळतो. या सवलतींचे मोल मी जाणते. परंतु वाण्याच्या दुकानात लेखनिक नसतो आणि मागे माणसे खोळंबलेली असतात, त्यामुळे घर चालवण्याची रीत ज्याची त्यालाच बसवावी लागते.

नेमके काय चुकते, ते आधी सांगते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही अक्षरे घाईत माझ्यासाठी एकच होतात. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर, त्यामुळे वाचताना माझी जीभ अडते. आता किराणा मालाची कोणतीही यादी घ्या. तेल, तीळ, तूप, तूर. चारही शब्द लहान, चारही ‘त’पासून सुरू होणारे, फरक काय तो मात्रा-वेलांटीचा आणि शेवटच्या अक्षराचा. एका वर्षी भोगीच्या आदल्या संध्याकाळी मी यादी वाचून सामान घेतले आणि घरी येऊन पिशवी रिकामी केली, तर तेलाच्या पिशव्या दोन आणि तिळाचा दाणा नाही. दुसऱ्या दिवशी बाजरीच्या भाकरीला लावायला तीळ हवेत म्हणूनच मी बाहेर पडले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या शेजारणीकडून वाटीभर तीळ घेऊन आल्या. मी मात्र त्या रात्री ठरवले की यापुढे दुकानात उभे राहून काहीही वाचायचे नाही.

वाचणे आणि काम करणे या दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या नाहीत, या एका नियमावर माझे घर चालते. जे वाचायचे ते घरी, बसून, चांगल्या उजेडात, कोणाला तरी सोबत घेऊन वाचायचे. प्रत्यक्ष कामाच्या वेळी डोळ्यांना वस्तू दिसली पाहिजे किंवा कानांना आवाज ऐकू आला पाहिजे.

म्हणून आमच्या घरात कागदावरची यादी नाही. डब्यातला जिन्नस तळाला गेला की ज्याच्या हाताला ते जाणवेल त्याने त्या डब्याचे झाकण उलटे ठेवायचे, एवढाच दंडक आहे आणि तो मुलांनाही लागू आहे. शनिवारी रात्री मी मांडणीसमोर उभी राहते, वरच्या फळीवर डाळी, मधल्या फळीवर पिठे, खाली कडधान्ये आणि पोहे-रवा या क्रमाने उलटी झाकणे पाहत जाते आणि प्रत्येकाचे नाव व माप फोनमध्ये बोलून ठेवते: ‘तूरडाळ दोन किलो, मूगडाळ अर्धा किलो, रवा एक किलो.’ रविवारी दुकानात एका कानात इअरफोन घालून तेच ऐकत मी एकेक जिन्नस सांगते. क्रम मांडणीचाच असतो, त्यामुळे मधले काही गळले तर रिकामी फळी डोळ्यांसमोर येते आणि लगेच लक्षात येते.

पिठांचा प्रश्न वेगळा होता. तांदळाचे पीठ, मैदा आणि कॉर्नफ्लोर एकमेकांशेजारी ठेवले की नजरेला काहीच फरक कळत नाही, आणि डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी मला उपयोगाची नाही. मग मी झाकणांवर दाणे चिकटवले. तांदळाच्या पिठाच्या झाकणावर तांदळाचे पाच-सहा दाणे, ज्वारीच्या पिठावर ज्वारी, नाचणीच्या पिठावर नाचणी, कॉर्नफ्लोरवर मक्याचा एक दाणा. मैद्याचे झाकण कोरे. डिंकाचा थर पुरेसा जाड दिला तर दाणे वर्षभर टिकतात. आता अंधारात हात फिरवला तरी डबा ओळखू येतो. पाकिटांवरच्या तारखा सामान घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर मुलगी वाचते, आणि जे आधी संपवायचे ते फळीच्या पुढच्या बाजूला येते.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आया त्याबद्दल कमी विचारतात आणि अडचण तिथे जास्त असते. मराठीत आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, पण लिहायचे मात्र सहा आधी. भाजीवाल्या मावशींनी त्रेसष्ट सांगितले की माझा हात छत्तीस लिहितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा धाटणीची संख्यावाचनाची पद्धत जोडीला आली, तेव्हा तिच्यावर पुष्कळ टीका झाली. मला मात्र ती वाचून घशाशी आवंढा आला, कारण लहानपणी कोणी असे सांगितले असते तर गणिताच्या तासाला मी इतकी थरथरले नसते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मात्र मला कधी चकवत नाहीत. म्हणून मी भाजी ग्रॅममध्ये मागत नाही, पावावर आणि अर्ध्यावर मागते. पैसे फोनवरून देताना रक्कम टाकून आधी पडदा मावशींना दाखवते, त्यांनी मान हलवली की मगच पुढचे बटण दाबते. त्यांच्या गाडीवरचे यंत्र रक्कम मोठ्याने बोलते, तो दुसरा पडताळा.

स्वयंपाकाचे नियोजन आठवड्याच्या वारांना बांधलेले आहे. सोमवारी मूग, बुधवारी मटकी, शुक्रवारी चवळी. मधल्या दिवशी पालेभाजी किंवा फळभाजी. असे ठरलेले जेवण कंटाळवाणे होत नाही का, असेही मला विचारतात. मटकीची कधी उसळ होते, कधी मिसळ, कधी ती भातात जाते. ठरलेले असते ते कडधान्य, पदार्थ नव्हे. खरी अवघड गोष्ट आहे उलटे मोजणे. बुधवारी सकाळी मोड आलेली मटकी हवी असेल तर ती मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधलेली हवी, म्हणजे सोमवारी रात्रीच भिजलेली हवी. हा हिशेब मला तोंडी करता येत नाही. म्हणून घड्याळाऐवजी मी तो रोजच्या कामाला जोडला आहे: सोमवारी दुपारीच मटकीची वाटी भांडी घासायच्या साबणाशेजारी येऊन बसते, आणि रात्री साबणाला हात लावताच ती भिजत पडते.

उपवासांचे तसेच. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझे पती कालनिर्णय वाचतात आणि मी संकष्टीला लाल, एकादशीला हिरवी टिकली त्या चौकोनात चिकटवते. टिकलीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजतो. दुधाचा खाडाही त्याच चौकोनात, साध्या फुलीने. पाककृती मी वाचतच नाही. आईने भाताचे पाणी ‘तांदळाच्या वर बोटाचे एक पेर’ असे शिकवले होते, तीच रीत मी सगळीकडे लावते. नवा पदार्थ असेल तर नणंदेला फोन करून तिच्याच तोंडून ऐकते आणि ते बोलणे साठवून ठेवते.

अजूनही अडते ते मोठ्या दुकानांत, जिथे सामान स्वतः शोधायचे असते आणि दर काही महिन्यांनी मांडणी बदलते. तिथे मी आता कर्मचाऱ्याला स्पष्ट सांगते, ‘मला वाचायला त्रास होतो, जरा वाचून दाखवाल का?’ पहिल्यांदा हे वाक्य उच्चारताना तोंड कोरडे पडले होते. समोरच्या तरुणाने मात्र ‘हो काकू, या’ एवढेच म्हटले आणि तो साबुदाण्याच्या फळीपर्यंत माझ्यासोबत चालत आला.

गेल्या महिन्यापासून शनिवारची झाकणे मुलगा पाहतो. त्याने वरच्या फळीऐवजी खालच्या फळीपासून सुरुवात केली आहे आणि त्याच्या आवाजातली यादी त्या उलट्या क्रमाने ऐकायला मला अजून वेळ लागतो. परंतु रविवारी दुकानात तोच जातो, त्यामुळे क्रम त्याचाच राहणार आहे.