तुम्ही विचारलंत म्हणून : उभ्या गाडीचे ब्रेक

“गाडी वर्षाला जेमतेम पाचशे किलोमीटर चालते, मग दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल कशाला बदलता?” माझी जुनी गाडी पाहणारे बहुतेक जण हे विचारतात. खरे तर ती कमी चालते म्हणूनच बदलावे लागते.

ज्याला आपण ऑइल म्हणतो ते मुळात तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल-आधारित द्रव असते आणि हवेतला ओलावा शोषून घेणे हा त्याचा गुणधर्मच असल्यामुळे, गाडी चालो वा उभी राहो, त्याच्या टाकीच्या झाकणातील छिद्रातून आणि रबरी होजमधून, म्हणजे नळ्यांमधून, पाणी आत मुरतच राहते. नवे डॉट ४ (ब्रेकच्या द्रवाचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर मात्र ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ते उकळले, की झालेली वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ लागते. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून द्रवाचे एकच सर्किट (मार्ग) असते, म्हणजे गेले तर सगळेच ब्रेक जातात.

उभ्या गाडीत त्याआधीच दुसरे दुखणे सुरू झालेले असते. पेडल दाबल्यावर द्रवावर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जातो, त्याच्या पुढच्या भागात गंज धरतो. एकदा ब्रेकच्या द्रवात अडकलेली हवा काढताना मी मदतनिसाला पेडल तळापर्यंत दाबायला लावले, आणि रबरी सील त्या खडबडीत भागावरून घासले गेले. दुसऱ्या दिवशी बाहेर कुठेही गळती नसताना पेडल पायाखाली हळूहळू खचू लागले. तेव्हापासून हवा काढताना मी पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवतो.

होजही असाच फसवतो : बाहेरून धडधाकट, आतून फुगलेला. पाय काढल्यावरही चाक जखडलेले राहिले, तर ब्लीड निप्पल (चाकाजवळचा, हवा काढण्याचा स्क्रू) किंचित सैल करून पाहावे. चाक लगेच सुटले, तर दाब आत अडकला आहे असे समजावे आणि आधी होजवर संशय घ्यावा.

सिलिकॉनचे डॉट ५ पाणी शोषत नाही हे खरे, पण आत शिरलेले पाणी मग सखल जागी साचून तिथेच गंज धरते, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

गाडी बाहेर काढण्यापूर्वी मी पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरतो. ते जरासे जरी खाली गेले, तरी गाडी त्या दिवशी जागची हलत नाही.