तुम्ही विचारलंत म्हणून : रिपोर्टातला आरओ किती खरा मानायचा?

एम.एस्सी.ची मुलं विचारतात, आणि तेल कंपन्यांत नव्याने लागलेली मंडळीही विचारतात. विहिरीच्या रिपोर्टात अमुक खोलीवर व्हिट्रिनाइट रिफ्लेक्टन्स, म्हणजे आरओ, ०.७१ टक्के दिलाय. यावरून हा शेल, म्हणजे चिखलापासून झालेला बारीक कणांचा खडक, तेल देण्याइतका तापला होता असं लिहून टाकू का? माझं उत्तर ठरलेलं आहे. सरासरी बाजूला ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या आकड्याचे किती कण मिळाले याचा आलेख, मागवा. यावर बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, कारण हिस्टोग्राम कुणी पाठवलेलाच नसतो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. व्हिट्रिनाइट म्हणजे जुन्या झाडांच्या लाकडाचा खडकात उरलेला अंश. खडक खोल गाडला जाऊन तापत जातो तसा हा अंश जास्त प्रकाश परत फेकू लागतो, आणि पुढे खडक वर येऊन थंड झाला तरी ही चमक कमी होत नाही. म्हणून खडकाने सोसलेल्या सगळ्यात मोठ्या तापाची ती नोंद. ढोबळमानाने ०.६ ते १.३ या टप्प्यात तेल तयार होतं, त्यापुढे वायू. पुढची विहीर खोदायची की नाही, हे कधी कधी दुसऱ्या दशांश स्थळावर अडून बसतं.

यंत्राची फार काळजी करू नका. ५४६ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश, भिंग आणि नमुना यांच्यामध्ये घालायचं १.५१८ अपवर्तनांकाचं तेल आणि ठाऊक रिफ्लेक्टन्सचे स्टँडर्ड्स, एवढं सांभाळलं की यंत्र सहसा दगा देत नाही. खरी गोम आहे ती मोजण्यासाठी कण कोणता धरला यात, आणि तो धरतो माणूस.

एखादी पेलेट मायक्रोस्कोपखाली घेऊन बघा. कटिंग्जचा, म्हणजे खोदताना वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांचा, चुरा रेझिनमध्ये बसवून आरशासारखा पॉलिश केलेला असतो. गुळगुळीत, एकसारखा राखाडी, कडा स्वच्छ असलेला लांबट तुकडा दिसला तर तो बहुधा व्हिट्रिनाइट. शेजारी त्याच्याहून उजळ, पेशींच्या भिंती अजून शाबूत असलेला तुकडा इनर्टिनाइट, म्हणजे गाडलं जाण्याआधीच जळलेलं किंवा ऑक्सिडाइझ झालेलं लाकूड. तो मोजला की आकडा फुगलाच. तिसरा मात्र भल्याभल्यांना चकवतो. घन बिटुमेन, म्हणजे खडकात घट्ट होऊन बसलेला डांबरासारखा पदार्थ, रंगाने अगदी व्हिट्रिनाइटसारखा राखाडी असतो, पण त्याला स्वतःचा आकार नसतो. खनिजांमधली फट जशी असेल तसा तो पसरतो, कॅल्साइटच्या स्फटिकाला वळसा घालतो. लाकूड असं वागत नाही. कणाला पायराइट चिकटलेलं असेल तर त्याच्या चकाकीने आकडा चढतो आणि पॉलिशवर ओरखडा असेल तर उतरतो. फोटो जोडलेले नसतील तर यातलं काय काय मोजलं गेलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता ०.७१ कडे येऊ. खंबातच्या खोऱ्यातली एखादी विहीर धरा. तळाशी आपल्याच दख्खनचा बेसाल्ट, त्यावर ओलपाड नावाचा थर, त्यावर पॅलिओसीन-इओसीन काळातला कँबे शेल. १९६० साली सापडलेलं अंकलेश्वरचं तेलक्षेत्र इथलंच. कटिंग्जच्या एका नमुन्यात ३० कण मोजले, त्यातले १८ ठरले ०.४५ च्या आसपास आणि १२ ठरले १.१० च्या आसपास. सरासरी काढा, बरोबर ०.७१ येते. त्या अख्ख्या पेलेटमध्ये ०.७१ चा एकही कण नाही! तरी रिपोर्टात तोच आकडा छापला जातो, आणि वाचणारा खूश होतो की तेलाच्या खिडकीत आलो.

शितावरून भाताची परीक्षा जरूर करावी, पण शीत त्याच पातेल्यातलं हवं. ०.४५ चे कण वरून ढासळलेल्या कोवळ्या शेलचे असू शकतात, किंवा ड्रिलिंगच्या मडमध्ये, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलात, घातलेल्या लिग्नाइटचे. १.१० चे कण जुन्या खडकातून झिजून, वाहून पुन्हा गाळात बसलेले असू शकतात. कुठला गट इथला आणि कुठला पाहुणा, ते हिस्टोग्राम एकटा सांगत नाही. त्यासाठी ड्रिलिंगचा रिपोर्ट उघडावा लागतो. जरा वरच केसिंग, म्हणजे विहिरीच्या भिंतीला धरून ठेवणारा पोलादी नळ, बसवलं होतं का? बसवलं असेल तर वरून काही पडण्याची शक्यता फार कमी. मडमध्ये काय काय गेलं? जवळपास साइडवॉल कोअर, म्हणजे थेट विहिरीच्या भिंतीतून काढलेला नमुना, आहे का? मग अतिनील प्रकाशात बीजाणू बघा. ०.४५ ला ते छान पिवळे चमकतात, १.१० ला ती चमक विझत आलेली असते. एवढं केलं की बहुतेक वेळा निकाल लागतो.

एका नमुन्यावर जीव टाकूच नका. खोली आणि आरओ यांचा आलेख काढा, आरओचा अक्ष लॉगचा ठेवा. साधारण सरळ रेष यायला हवी, आणि ती वर पृष्ठभागापर्यंत वाढवली तर ०.२ ते ०.२५ च्या जवळ टेकायला हवी. मध्येच उडी दिसली तर फॉल्ट, झिजून गेलेले थर किंवा एखादा डाइक, म्हणजे खडकात घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत, शोधा. हजार मीटरभर आकडा हललाच नाही तर मला पहिला संशय केव्हिंगचा, म्हणजे वरून ढासळलेल्या तुकड्यांचा, येतो.

आता माझी तक्रार. कित्येक तक्त्यांत आरओच्या रकान्यात मोजलेले आणि गणिताने काढलेले आकडे शेजारी शेजारी नांदतात, वर कसलीही खूण नसते. हे गणित बहुधा ०.०१८ गुणिले टीमॅक्स वजा ७.१६ असं असतं. टीमॅक्स म्हणजे नमुना यंत्रात तापवताना त्यातून सगळ्यात जास्त हायड्रोकार्बन ज्या तापमानाला सुटतात ते तापमान. ४३५ अंशांना ०.६७ येतं, दिसायला झकास. पण ते समीकरण टेक्सासच्या बार्नेट शेलवरून बसवलेलं आहे. तिथला केरोजेन, म्हणजे तेल देणारा सेंद्रिय पदार्थ, वेगळा, आपला वेगळा. शिवाय एस-टू, म्हणजे तापवताना केरोजेनमधून सुटलेल्या हायड्रोकार्बनचं प्रमाण, किरकोळ असेल तर मुळात टीमॅक्सच भरवशाचा नसतो. असे आकडे वापरा, पण वेगळ्या रंगात लिहा. आणि त्याच टीमॅक्सने त्याच आरओला दुजोरा मिळाला असं तरी म्हणू नका. असं लिहिलेलं मी वाचलंय.

खडकाचं वय बघायलाही विसरू नका. लाकूड असलेली झाडं डेव्होनियनमध्ये आली, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी. मध्य भारतातल्या खालच्या विंध्यनचे थर दीडशे कोटी वर्षांहून जुने. त्यांच्या तक्त्यात कुणी व्हिट्रिनाइट रिफ्लेक्टन्स लिहिलं असेल तर ते बिटुमेन किंवा तसंच काहीतरी असणार. त्याला समतुल्य आरओ म्हणावं आणि कुठल्या सूत्राने काढला ते सांगावं. जेकबचं सूत्र बरंच चालतं, बिटुमेनचा आकडा गुणिले ०.६१८ अधिक ०.४०.

आणि सगळं चोख करूनही आकडा खरोखरच कमी येऊ शकतो. हायड्रोजनने भरलेल्या, शैवालांनी समृद्ध शेलमध्ये व्हिट्रिनाइटची चमक दबलेली राहते. आरओ ०.५ म्हणतो, बाकी सगळ्या खुणा त्याच्या पुढे गेलेल्या असतात. अशा वेळी मी एक आकडा देत नाही, पल्ला देते.

किती कण मोजलेले असावेत, हाही प्रश्न येतोच. कोळशात शंभर सहज मिळतात. शेलमध्ये २०-३० चांगले मिळाले तर नशीब समजा. सहा कणांवरचा आकडा बाद करू नका, पण आलेखावर त्याचा ठिपका पोकळ काढा.

हिस्टोग्राम मागूनही मिळाला नाही, तर प्रयोगशाळेला पेलेट मागा. ती बहुतेक ठिकाणी जपून ठेवलेली असते. पुन्हा पॉलिश करून दुसऱ्या कुणाकडून मोजून घेता येते, आणि नवी विहीर खोदण्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही. फक्त मोजणाऱ्याला पहिला आकडा आधी सांगू नका.